शेऱ्याचा रकाना

डिसेंबर उजाडला की नागपुरात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. अधिवेशनाच्या बंदोबस्तात सिव्हिल लाइन्सचा कुठला रस्ता कधी बंद होईल याचा भरवसा राहत नाही, आणि आमच्या इमारतीच्या गच्चीवर मतदान होतं. गच्चीवर पोलीस नसतात. संत्रा बर्फीचा रिकामा डबा हीच मतपेटी, झाकणाला ब्लेडने पाडलेली फट, आत चिठ्ठ्या. प्रश्न एकच. या वर्षीचा सगळ्यात आवडता ॲनिमे कोणता? ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन, मग मालिका असो की सिनेमा, नाव एकच लिहायचं. मतदार सात. माझा सतरा वर्षांचा मुलगा, त्याचे चार मित्र, बहात्तर वर्षांची माझी आई आणि मी.

आईला मताधिकार कसा मिळाला ते पुढे सांगते. आधी वहीचं सांगते.

२०२० च्या टाळेबंदीत मुलगा बारा वर्षांचा होता. शाळा मोबाइलवर, खेळ बंद, त्यामुळे दिवसाला सहा-सहा एपिसोड. मी ओरडले तेव्हा त्याने एक दोनशेपानी रजिस्टर काढलं आणि पट्टीने रकाने आखले. अनुक्रमांक, नाव, भाग, गुण, शेरा. म्हणजे हा अभ्यासच आहे असं मला वाटावं. गुण तो दहापैकी देतो आणि अर्ध्या गुणासाठी मित्रांशी तासभर भांडतो. शेऱ्याचा रकाना मात्र पहिल्या पानापासून कोरा.

कोरा रकाना मला बघवत नाही. मी एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक आहे, सोळा वर्षं रात्रपाळी. आमच्या धंद्यात रिकामी जागा म्हणजे काहीतरी सुटलं. शहर आवृत्तीची शेवटची पानं सोडून घरी येईस्तोवर एक वाजतो, आणि एकदम झोप काही लागत नाही. तशाच एका रात्री मी त्याच्या बाजूला बसून एक एपिसोड बघितला आणि सकाळी त्या वहीत पेन्सिलने शेरा लिहिला. वाक्य नाही, एक शब्द. त्या मालिकेतून माझ्या हाती लागलेला मराठी शब्द. मग सवयच पडली.

मराठी का, असं मुलगाही विचारतो. बघतो आपण जपानी आवाजात, खाली इंग्रजी अक्षरं. मधे मराठी आलं कुठून?

ते आलं खालच्या अक्षरांमुळेच. प्रुफं वाचणाऱ्या बाईला सबटायटल दिसली की ती आधी चुका शोधते. पहिले काही दिवस मी तेच केलं. मग लक्षात आलं की चूक अक्षरांत नाही, क्रमात आहे. जपानी वाक्य आपल्यासारखं चालतं. कर्ता, कर्म आणि सगळ्यात शेवटी क्रियापद. नकारसुद्धा त्या क्रियापदाच्या शेपटाला. एखादं पात्र बोलता बोलता अडखळतं, आवंढा गिळतं, आणि मग शेवटचा शब्द येतो. तो येईपर्यंत माफी मिळणार की नाही, माणूस थांबणार की जाणार, ऐकणाऱ्याला कळत नाही. आपल्याकडेही तसंच. ‘मी तुझ्याशी पुन्हा कधी बोलणार...’ इथवर आलेल्या माणसाकडे अजून परतायला जागा असते. इंग्रजीला नकार आधीच सांगून टाकावा लागतो. पात्राचा श्वास अजून अडकलेला आणि खाली निकाल छापून तयार. तेव्हापासून मी खालचं वाचते अर्ध्या डोळ्याने, आणि कानावर पडणारं मनातल्या मनात मराठीत लावत जाते. जपानी मला येत नाही. पण वाक्य कुठे वळणार हे कळतं, जसं अनोळखी घरातही अंधारात बटण साधारण कुठे असेल ते कळतं.

वाक्याच्या शेवटी ते ‘ने’ लावतात. छान आहे ने. आपण ‘ना’ लावतो, नागपूरकर ‘नं’ लावतात. छाती धडधडली की तिकडे दोकी-दोकी होतं, काही चमकलं की किरा-किरा. पिकाचू हा शब्दसुद्धा असाच, पिका म्हणजे चमक आणि चू म्हणजे उंदराचं चूंचूं. एवढे जोडशब्द वापरणारी भाषा परकी कशी म्हणायची? आणि काही शब्द तर इथूनच गेलेले, बुद्धासोबत. त्यांचा यमराज एन्मा. त्यांचा नरक नाराकु. नवऱ्याला दान्ना म्हणतात, तो मुळात ‘दान’. हे आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “दान? मग वापस कायले घेत नाही?”

तसंही जपान नागपूरला नवं नाही. भदन्त सुरेई ससाई मूळचे जपानी, साठच्या दशकात इकडे आले आणि इथलेच झाले. दीक्षाभूमीवर त्यांची हिंदी भाषणं ऐकत आमची पिढी वाढली. कामठीचं ड्रॅगन पॅलेस १९९९ साली जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने उभं राहिलं आणि आमच्या कॉलेजच्या सहली तिकडे वळल्या. आणि त्याही आधी मोगली होता.

१९९३. रविवार सकाळ, दूरदर्शन. ‘जंगल जंगल बात चली है’ सुरू झालं की गल्लीत चिटपाखरू नसायचं. शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजांची, आणि शेरखानच्या तोंडी आपल्या नाना पाटेकरांचा आवाज. मी नऊ वर्षांची. बाबा रेल्वेत गार्ड, इतवारीहून छिंदवाड्याला जाणाऱ्या छोट्या लाइनवर. ते दाढी करता करता बघायचे आणि दर रविवारी न चुकता सांगायचे, “हे शिवनीचं आहे बरं. तिकडचंच जंगल.” खरंच आहे ते. मूळ गोष्ट शिवनीच्या डोंगरातली, वैनगंगेच्या काठची. जबलपूरच्या रस्त्याने सव्वाशे किलोमीटर गेलं की शिवनी. त्यामुळे मोगली हा आमच्या शेजारचा मुलगा, चड्डी न घालणारा एखादा चुलतभाऊ, असंच मी धरून चालले होते. तो जपानी आहे हे कळायला मला पस्तिशी गाठावी लागली. निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये बनवलेली बावन्न भागांची मालिका. मुलाने तुच्छतेने सांगितलं, “आई, तू पहिला ॲनिमे माझ्या आधी सत्तावीस वर्षं बघितला नं, आणि तुला माहीतच नव्हतं.” वहीत मोगलीची नोंद मागाहून झाली, अनुक्रमांकाशिवाय. शेरा: शेजार.

माझ्या शेऱ्यांपैकी दोन मला स्वतःला आवडतात.

पहिला माकोतो शिनकाईच्या ‘युअर नेम’चा. सिनेमा २०१६ चा, आम्ही २०२१ मध्ये लॅपटॉपवर बघितला. गावाकडची मुलगी आणि तोक्योतला मुलगा एकमेकांच्या शरीरात जागे होतात. त्यात एक गंमत आहे. मुलीचा जीव मुलाच्या देहात, मित्रांसमोर बोलायला जाते आणि ‘मी’ म्हणताना अडकते. जपानीत ‘मी’चे कितीतरी प्रकार, बायकी, पुरुषी, नम्र, रांगडे. ती वाताशी म्हणते, मित्र भुवया उंचावतात. वाताकुशी म्हणते, बोकू म्हणते, शेवटी ओरे म्हटल्यावर त्यांचं समाधान होतं. इंग्रजीच्या हातात एकच ‘आय’, तिथे या विनोदाचं काय व्हायचं? मराठीतही ‘मी’ एकच. पण आपल्याकडे क्रियापद चुगली करतं. ‘मी उशिरा उठले... म्हणजे उठलो.’ झाला की अनुवाद! एका कान्याचा फरक. मी लॅपटॉप थांबवून मुलाला हे समजावलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला होता. पण दुसऱ्या दिवशी तो मित्राला फोनवर तेच समजावत होता, माझं नाव न घेता.

त्याच सिनेमात वर्गात बाई तिन्हीसांजेचे जुने शब्द शिकवतात. उजेड इतका कमी की समोरचा माणूस ओळखू येत नाही, ‘तो कोण?’ असं विचारावं लागतं, त्यावरून संध्याकाळचं नाव पडलं: तासोगारे. आणि त्या गावच्या बोलीत त्याच वेळेला म्हणतात कातावारे-दोकी. मी ताडकन उठून बसले. कातावारे. कातरवेळ. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, हे मलाही कळतं. नुसता ध्वनीचा योगायोग. पण अर्थही तोच असावा? कातरवेळी झोपू नये, केर काढू नये, कुणाला उसनं देऊ नये, ही त्या वेळेची आपल्याकडची भीती. आणि तिकडे त्याच वेळेला दोन काळातली माणसं डोंगरावर एकमेकांना क्षणभर दिसतात. त्या आठवड्यात सुटीच्या दिवशी मी फुटाळ्याला जाऊन बसले. तलावावर उजेड विझत होता, भुट्टेवाल्याचा कोळसा लाल होत होता, आणि पलीकडच्या काठावरची माणसं आधी चेहरे हरवून बसली, मग कपड्यांचे रंग. तो कोण? सांगता येत नव्हतं. शेरा अर्थात: कातरवेळ.

दुसरा शेरा ‘सुझुमे’चा, २०२३ चा. आमच्या घरात ‘जातो’ म्हणायची बंदी आहे. कुणीही निघताना ‘जातो’ म्हटलं की आई आतून ओरडते, “जातो म्हणू नाही, येतो म्हणावं.” तिचं लग्न गार्डाशी झालं, त्यामुळे ही बंदी तिने जरा जास्तच कडक पाळली. बाबा इतवारीला ड्यूटीवर निघायचे ते ‘येतो’ म्हणून. छोटी लाइन २०१५ मध्ये बंद झाली, त्याआधीच ते निवृत्त झाले होते, तरी भाजी आणायलाही ‘येतो’. २०२१ च्या एप्रिलमध्ये, नागपुरात खाटा मिळत नव्हत्या त्या दिवसांत, ते स्वतः जिना उतरून गाडीत बसले आणि म्हणाले, “येतो.” औषधासाठी मी आणि मुलगा दोघं धंतोलीत दुकानोदुकानी फिरलो. तेरा वर्षांचा होता तो. पुढचं लिहीत नाही.

‘सुझुमे’ आम्ही चित्रपटगृहात बघितला. २०११ च्या भूकंपात आणि त्सुनामीत आई गमावलेली मुलगी, ओसाड जागांमधले दरवाजे बंद करत जपानभर फिरते. शेवटाकडे तिला त्या सकाळचे आवाज ऐकू येतात, घरोघरच्या दारातले. जाणारा म्हणतो, इत्तेकिमासु. घरातला म्हणतो, इत्तेराश्शाय. पडद्यावर त्याचं इंग्रजीत निरोपाचं काहीतरी झालं. मला अक्षरांची गरजच पडली नाही. जपानीत निघताना फक्त ‘जातो’ म्हणतच नाहीत. शब्दशः म्हणतात, जाऊन येतो. आणि घरातला म्हणतो, जाऊन ये.

बाहेर आल्यावर आम्ही दोघं पार्किंगमध्ये बराच वेळ गाडीची किल्ली शोधत होतो. ती माझ्या हातातच होती.

असो. या वर्षाकडे, म्हणजे २०२५ कडे येते.

मे महिन्यात तोक्योत क्रंचीरोलचे, म्हणजे ॲनिमे दाखवणाऱ्या वेबसाइटचे, पुरस्कार झाले. त्यासाठी जगभरचे चाहते मत देतात, आमच्या घरातूनही दिली गेली. वर्षातला सर्वोत्तम ॲनिमे ठरला ‘सोलो लेव्हलिंग’, आणि सिनेमांमध्ये ‘लुक बॅक’. दुसऱ्याबद्दल तक्रार नाही, अठ्ठावन्न मिनिटांत चित्रं काढणाऱ्या दोन मुलींचं अख्खं आयुष्य मांडलं आहे. पण ‘सोलो लेव्हलिंग’ जिंकलं ते ‘फ्रीरेन’ला मागे टाकून. मी दोन दिवस मुलाशी धड बोलले नाही.

‘सोलो लेव्हलिंग’ मूळ कोरियन कादंबरी. राक्षस मारणाऱ्या शिकाऱ्यांची जी दुनिया आहे तिथे प्रत्येकाला श्रेणी असते, वर एस, तळाला ई. नायक ई मधलाही सगळ्यात दुबळा. मग त्याच्या डोळ्यांपुढे एक पाटी उमटते, रोजचं काम: शंभर जोर, शंभर सिट-अप्स, शंभर बैठका, दहा किलोमीटर धाव. केलं तर बळ वाढणार, नाही केलं तर शिक्षा. आणि हे बळ फक्त त्याचंच वाढतं, इतरांची श्रेणी जन्मात बदलत नाही. पहिल्यांदा मला हा पोरकटपणा वाटला. चकचकीत मारामाऱ्या आणि मनोऱ्यासारखा चढत जाणारा नायक, दुसरं काय? मग जूनमध्ये मुलाचं बारावीचं वर्ष सुरू झालं. तो जातो त्या शिकवणीत दर रविवारी परीक्षा, आणि संध्याकाळी पालकांच्या मोबाइलवर क्रमांक येतो. क्रमांक घसरला की बॅच बदलते, बॅच बदलली की मास्तर बदलतात, आणि खालच्या बॅचला येणाऱ्या मास्तरांना मुलांची नावंही ठाऊक नसतात. मुलाचा क्रमांक दोनशेच्या आसपास घोटाळत असतो. अशा पोराला कुणी सांगितलं की तुझ्या डोळ्यांपुढे पाटी उमटेल, तेवढं काम कर, तू नक्की वर जाशील, कुणी मधे येणार नाही, तर त्याला ते आवडणारच. राक्षसांचं काय, ते तर तोंडी लावायला. इथे मेहनतीचा हिशेब लागतो, एवढी एकच गोष्ट त्या मालिकेत खरी अद्भुत आहे.

त्यातला नायक मेलेल्यांच्या सावल्या उठवून आपलं सैन्य बनवतो. आज्ञा एका शब्दाची. इंग्रजीत ‘अराइज’, पोरांच्या टी-शर्टवर छापलेलं असतं. जपानीत तो नुसतं म्हणतो, ओकिरो. ऊठ. हा शब्द मी रोज पहाटे साडेपाचला वापरते. मेलेले उठतात. आमचा नाही. शेरा: ऊठ.

‘फ्रीरेन’मध्ये उलट. तिथे उठत नाही ती नायिकाच. हजार वर्षांहून जास्त जगलेली जादूगार, आणि रोज सकाळी तिला शिष्या फेर्न उठवते, केस विंचरते, रागावते, पण सगळं ‘फ्रीरेन-सामा’ म्हणत, आदराच्या भाषेत. मनात आपोआप येतं: ‘अहो फ्रीरेनबाई, उठता का आता?’ रागावताना ‘अहो’ सुटत नाही, हे ज्या घरात चालतं तिथल्या माणसाला त्यातली धार लगेच कळते.

गोष्ट सुरू होते ती इतर गोष्टी जिथे संपतात तिथून. राक्षसराजाचा वध करून चौघं परत आलेले. प्रवास दहा वर्षांचा. तिच्यासाठी दहा वर्षं म्हणजे आपल्या एका दुपारीसारखी. ती सहज निरोप घेते, पन्नास वर्षांनी उल्का बघायला परत येते, तेव्हा नायक हिमेल टक्कल पडलेला म्हातारा झालेला असतो. लवकरच तो जातो. आणि त्याच्या अंत्ययात्रेत तिला रडू फुटतं की याला ओळखून घ्यायचा आपण प्रयत्नच केला नाही. तिथून पुढे अठ्ठाविसाव्या भागापर्यंत ती त्याच वाटेने पुन्हा चालते. वाटेत कुणाला मदत केली आणि कुणी कारण विचारलं, तर सांगते, हिमेल असता तर त्यानेही हेच केलं असतं. आमच्याकडे गॅसचा सिलिंडर बदलण्यापासून भाचीच्या लग्नातल्या आहेरापर्यंत सगळं ‘बाबा असते तर’ यावर चालतं, त्यामुळे या मालिकेला मी दहापैकी किती देणार हे उघड आहे. मुलगा म्हणतो, “चांगली आहे, पण स्लो आहे नं.” सतरा वर्षांच्या माणसाला काळ पुढे ढकलायचा असतो. ‘सोलो लेव्हलिंग’ला मत देणारी पोरं चुकीची आहेत असं मला आता वाटत नाही. त्यांचं घड्याळ वेगळं आहे.

आता आईचा मताधिकार. आई दुपारच्या मालिका बघायची, नातवाच्या कार्टूनला नाकं मुरडायची. मग एकदा तिने जाता जाता ‘द अपोथेकरी डायरीज’चा पहिला भाग बघितला. राजवाड्यात राण्यांची तान्ही बाळं दगावत आहेत, शाप आहे म्हणतात. माओमाओ नावाची पळवून आणलेली, औषधं जाणणारी मुलगी लांबून एका राणीचा पांढराफटक चेहरा बघते. आई उभ्यानेच म्हणाली, “सफेदा असंल.” मुलगा वळून बघायला लागला. पाच मिनिटांनी कळलं, तोंडाला लावायच्या पावडरीत शिसं आहे. सफेदाच. आईचे वडील उमरेडकडे वैद्यकी करायचे. कुठली भस्मं पोटात घ्यायची आणि कुठल्या पुड्यांना हात लावायचा नाही, हे तिने लहानपणी चोप खाऊन शिकलेलं. माओमाओ झग्याची चिंधी फाडून त्यावर निरोप लिहिते आणि फांदीला बांधून खिडकीत ठेवते. एक राणी ऐकते, तिचं बाळ वाचतं. दुसरीचं जातं. आई म्हणाली, “ऐकते कोण पोरीचं.” त्या दिवसापासून ती दुपारी त्याच मालिकेला बसते. दुसरा सीझन या जानेवारीत सुरू होऊन जुलैत संपला, आणि आईने जुलैतच जाहीर केलं की आपलं मत ठरलं. प्रचारसुद्धा केला, खालच्या मजल्यावरच्या काकूंपर्यंत. त्या मतदार नाहीत, हे तिला सांगायची कुणाची हिंमत झाली नाही.

बाकी मालिका भराभरा सांगते. ‘डानडाडान’चा दुसरा सीझन पोरांनी डोक्यावर घेतला, भुतं आणि परग्रहवासी एकाच ताटात, मला चौथ्या भागाला धाप लागली. शिनचानचा नवा सिनेमा, त्याला भारतात आणणारा, पोरं ‘लहान मुलांचा’ म्हणत लपून बघून आली. ‘चेनसॉ मॅन’चा सिनेमा सप्टेंबरच्या शेवटी लागला, मुलाच्या एका मित्राने तो तीनदा बघितला आणि तेव्हापासून तो फोन बूथचं चित्र मोबाइलवर लावून उदास फिरतो. शेरा द्यायचा राहिला आहे.

आणि सप्टेंबरच्याच बारा तारखेला आला ‘डीमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल’.

रविवारचा सकाळचा शो. सात तिकिटं. आईलाही नेलं, कारण तिला घरी एकटी ठेवायची नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिलाच यायचं होतं. तिकिटं जपानी आवाजाच्या शोची. दिवे गेले, सिनेमा सुरू झाला आणि त्यातला नायक तंजिरो हिंदीत बोलायला लागला. पोरांनी गिल्ला केला. एक जण धावत बाहेर गेला, व्यवस्थापक आले, म्हणाले यंत्रात दुसरी प्रत लागली आहे, पैसे परत घ्या नाहीतर असंच बघा. चित्रपटगृहाचं नाव घेत नाही, माणूस बिचारा कावराबावरा झाला होता. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. असंच बघितलं.

बरं झालं. एकशे पंचावन्न मिनिटं मला खाली वाचावं लागलं नाही. हिंदीचं क्रियापदही शेवटी, आप-तुम-तू जागच्या जागी, आणि नकार जिथे यायला हवा तिथेच येत होता, श्वासानंतर. हिंदी, तमिळ, तेलुगू, तिन्हींत हा सिनेमा आला. मराठीत नाही. नागपुरात त्याचं कुणाला वाईट वाटल्याचं मी ऐकलं नाही; बर्डीवर आम्ही भाजीसुद्धा हिंदीत घेतो. मला मात्र वाटलं. ‘आप’ आणि ‘तुम’ आले, पण ‘अहो’ कुठून आणणार?

ज्यांनी सिनेमा बघितला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

आकाझा हा त्यातला खलनायक. माणसं खाणारा, अंगभर निळे पट्टे, आवडेल असं काही नाही. तासभर घनघोर लढाई होते आणि मग त्याला आपलं माणूसपण आठवायला लागतं. आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करणारा पोरगा. पकडला जातो, मार खातो, चोर म्हणून हातावर गोंदवलं जातं, सुटला की पुन्हा चोरी. बापाला ते सहन होत नाही. मुलाने सरळ मार्गाने जगावं असं लिहून ठेवून तो गळफास घेतो. अंगावरचे ते पट्टे मुळात कुठून आले, ते तेव्हा कळतं. आई अंधारात मला कोपराने ढोसून म्हणाली, “जय-विजय आहे हे.” पुराण ऐकलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. वैकुंठाचे द्वारपाल, शाप लागला म्हणून हिरण्यकशिपू झाले, रावण झाले. राक्षसाला मारायच्या आधी त्याची मागची गोष्ट सांगायची, ही कीर्तनातली रीत. मी आईला काही उत्तर देणार होते. पण माझ्या दुसऱ्या बाजूला मुलगा खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. बराच वेळ बांधत होता. आला होता चपला घालून.

बाहेर आल्यावर त्याने ‘ॲनिमेशन पीक आहे’ एवढंच म्हटलं. मग आम्ही सगळे तर्री-पोहे खायला गेलो आणि आईने तर्री जास्त मागितली.

तर मतदान. गेल्या शनिवारी, रात्री नऊला, स्वेटर-मफलर घालून. मतमोजणी मुलाने केली, दोन मित्र निरीक्षक. ‘इन्फिनिटी कॅसल’ तीन. ‘चेनसॉ मॅन’ एक. ‘सोलो लेव्हलिंग’ एक. मे महिन्यात ज्याच्यासाठी घसा फोडला त्याला डिसेंबरात एकच मत, कारण ते मार्चमध्येच संपलं होतं. वर्षाची निवड म्हणतात ती बहुतेक शेवटच्या चार महिन्यांचीच असते, हे मी वर्तमानपत्राच्या वर्षअखेरीच्या पुरवण्यांतही बघत आले आहे. ‘अपोथेकरी डायरीज’ एक. आई विजयी उमेदवारासारखी हात जोडून बसली होती.

सातवी चिठ्ठी माझी. मुलाने उघडली, वाचली आणि निरीक्षकांकडे सरकवली. ‘फ्रीरेन.’

“बाद,” चष्मेवाला म्हणाला. “काकू, या वर्षी आलंच नाही नं ते. मागच्या वर्षी मार्चमध्ये संपलं.”

“दुसरा सीझन जानेवारीत येऊन राहिला,” मुलगा म्हणाला. “पुढच्या वर्षी दे.”

पुढच्या वर्षी हा कुठे असेल, कुठल्या गावी, कुठल्या हॉस्टेलात, त्याचा क्रमांक ठरवेल. मी म्हटलं, बरं.

पोरं गेल्यावर मी वही घेऊन बसले. सप्टेंबरपासूनचे शेरे भरायचे होते, या वर्षी कामच तसं होतं. ‘चेनसॉ मॅन’पाशी थोडी अडले. मग ‘इन्फिनिटी कॅसल’च्या ओळीवर आले. गुण साडेनऊ. आणि शेऱ्याच्या रकान्यात आधीच काहीतरी लिहिलेलं होतं, पेनाने. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याच्या अक्षरात.

‘रडलो नाही.’

सवयीने आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. बरोबर होतं. मग वही दिव्याखाली धरली. ‘रडलो’ निळ्या शाईत होतं, रकान्याच्या मधोमध. ‘नाही’ काळ्या शाईत, कडेला, जागा पुरली नाही म्हणून जरा बारीक.